गाडी उलटी टांगायची की नाही

जुनी गाडी मुळापासून करायला घेतली की कधी ना कधी रोटिसरीचा विषय निघतोच, आणि तो काढणाऱ्यानं बहुधा ती गाडी पाहिलेली नसते. आमच्याकडे तो काढला पुण्याच्या एका मित्रानं, फोनवर. "तळ करायचाय ना? मग आधी रोटिसरी बनवून घे. त्याशिवाय हात लावू नकोस." त्याची स्वतःची फियाट तेव्हा रोटिसरीवर होती आणि माणूस भलताच खुशीत होता. अशा वेळी सल्ला नाकारणं अवघड जातं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन भक्कम लोखंडी स्टँड असतात, एक गाडीच्या पुढे, एक मागे. बंपरचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा पकडून गाडीचं रिकामं कवच दोन स्टँडच्या मधे अधांतरी धरायचं. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, दारं, काचा, सगळं आधीच उतरवलेलं. मग ते कवच आडव्या आसाभोवती फिरतं, तंदूरच्या दुकानाबाहेर काचेच्या पेटीत कोंबडी फिरते तसंच. हव्या त्या कोनात थांबवायचं, खिळ घालायची आणि उभ्यानं तळावर काम करायचं.

आमची गाडी 1968 ची फियाट 1100 डिलाइट. मामाची. तिचं बहुतेक आयुष्य रत्नागिरीत गेलं. समुद्राचा वारा आणि कोकणातला पाऊस या दोघांनी पत्र्याचं काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. मामाचं आता डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद झालंय, म्हणून ती कोल्हापुरात माझ्याकडे आली. येतानाच त्यानं अट घातली, "शोकेसमधे ठेवायची असेल तर नेऊ नकोस. मला तिच्यात बसून रंकाळ्याला जायचंय." ही अट मी तेव्हा हसण्यावारी नेली. पुढे सगळा निर्णय तिच्याभोवतीच फिरला.

थोडं गाडीच्या कुळाविषयी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. सुरुवातीला अमेरिकन गाड्यांची जुळणी होती, मग फियाट आली. 1954 ची गोलमटोल 1100 म्हणजे आपली डुक्कर फियाट. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण समोरून एकदा बघितली की दुसरं नाव सुचत नाही. 1964 पासून डिलाइट. 1972 नंतर त्याच गाडीचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि 1974 पासून पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तीच गाडी पुढे पन्नास वर्षं धावली. वयाची वीस वर्षं भरल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरांत मृत्युलेख यावेत तशा बातम्या आल्या. इंजिन तेच, 1089 सीसीचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागे पोलादी पट्ट्यांचे पाटे, पुढे स्प्रिंगा.

आणि या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा प्रश्न इथून सुरू होतो. जीपला खाली शिडीसारखी चासी असते. बॉडीचे बोल्ट सोडवले की बॉडी वेगळी, चासी वेगळी. चासी चार माणसं धरून उलटी करतात, घासतात, रंगवतात. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्डही तशीच. असल्या गाड्यांना रोटिसरी लागत नाही, घेतली तर हौस म्हणून. फियाटचं तसं नाही. तिचा तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या, छत, खांब हे सगळं एकमेकांना जोडून जे कवच होतं तीच तिची ताकद. त्या दाराखालच्या पेटीला सिल म्हणतात, आमचे मिस्त्री मात्र तिला रनिंग बोर्ड म्हणतात आणि मी ते सुधारायच्या भानगडीत पडलो नाही. चार दारांची गाडी म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठी भोकं. त्या भोकांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडी सरळ धरून ठेवायचं काम या दोन पेट्या करतात. आणि गंजायला नेमकी हीच जागा. पाणी काचेच्या रबरातून, दाराच्या खालून आत येतं, पेटीत साठतं, निचऱ्याची बारीक भोकं चिखलानं बुजलेली असतात. वरून रंग चकाचक आणि आतून पत्रा बिस्किटासारखा.

मित्राच्या सांगण्यावरून मी आधी कागदावर रोटिसरी मांडली. मला असल्या हिशोबात मजा येते. गाडीची लांबी चार मीटरला थोडी कमी. दोन्ही बाजूंचे स्टँड धरून जमिनीवर सहा मीटर जागा हवी. कवच फिरताना साधारण दोन मीटर व्यासाचं वर्तुळ काढतं, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती त्या हिशोबानं लांब हव्यात. पन्नास बाय पन्नासचा तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार किलो भरतो. वीस-बावीस मीटर तरी लागणार, वर प्लेटा, बोल्ट, चाकं. शंभर किलोच्या पुढे लोखंड झालं. उद्यमनगरात हे काम कुणालाही सांगा, दोन दिवसांत करून देतील. कोल्हापुरात लोखंडाचं काम होत नाही असं कधी होत नाही. पैशाचा प्रश्नही फार मोठा नव्हता, आणि काम झाल्यावर ती विकताही येते.

खरी मेख समतोलाची. कवचाचा गुरुत्वमध्य ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवर फिरण्याचा आस यायला हवा. फियाटचं वजन तळात आणि इंजिनच्या मागच्या भिंतीत जास्त, छत हलकं. बंपरच्या बोल्टांच्या सरळ रेषेत आस ठेवला तर तो नेमका बसेलच असं नाही. म्हणून पकडीला वर-खाली सरकवायची सोय ठेवतात. टांगायचं, खिळ थोडी सैल करायची, कवच कुठल्या बाजूला जायला बघतंय ते पाहायचं, परत सरकवायचं. नीट जमलं की एका हातानं फिरतं आणि सोडाल तिथे थांबतं. नाही जमलं तर खिळ निघाल्याबरोबर ते आपण होऊन गर्रकन वळतं, आणि तेव्हा तुमचं डोकं कुठे आहे यावर पुढचं अवलंबून. मिस्त्रींच्या शेडमधे खाली शहाबादी फरशी, तीही जागोजाग खचलेली. चाकं लावलेली रोटिसरी तिथे ढकलायची कल्पना मला झोपेत दचकवायला पुरेशी होती.

पण रोटिसरी काय देते तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण ते थोडं नाही. गाडीखाली उताणं पडून वेल्डिंग केलंय त्यालाच कळेल. वितळलेला धातू खाली यायला बघतो, तुम्ही त्याला वर चिकटवायला बघता. ठिणग्या कॉलरमधून आत जातात. जुनं डांबरी अंडरकोट, म्हणजे गंज रोखायला तळाला दिलेला थर, खरवडताना अर्धं डोळ्यांत, अर्धं नाकात. कवच फिरवता आलं तर तोच सांधा समोर येतो, टेबलावर ठेवल्यासारखा. वेल्ड सपाट, खोल आणि सरळ बसतो. सँड ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबानं वाळू मारून पत्रा साफ करायचा असेल तर आणखी एक फायदा आहे, तो फार कुणी सांगत नाही. ब्लास्टिंगची वाळू पोकळ पेट्यांमधे शिरते आणि कितीही हवा मारली तरी पुरती निघत नाही. गाडी रस्त्यावर आल्यावरही कुठून तरी झरत राहते. रोटिसरीवर कवच सावकाश गोल फिरवलं, थांबवलं, ठोकलं, परत फिरवलं की भोकाभोकांतून वाळूच्या धारा लागतात. मित्रानं त्याचा व्हिडिओ पाठवला होता. तो मी परत परत पाहिला, खोटं कशाला बोलू. शेवटी पेट्यांमधे गंजरोधक मेण सोडायचं असतं, तेव्हाही गाडी फिरवत राहिलं की मेण गुरुत्वाकर्षणानं आपसूक प्रत्येक सांध्यात जातं. हे जमिनीवर उभ्या गाडीत होत नाही.

मग मी मिस्त्रींना विचारलं. ते साठीचे, डेंटिंगमधे हयात गेलेली. मोबाइलवर फोटो बघितला, झूम केला, परत दिला.

"ह्येच्यावर टांगायला गाडी घट्ट पायजे सायेब. तुमची घट्ट हाय का, ते आदी बगू."

या एका वाक्यात सगळं आलं होतं, पण मला ते लगेच उमगलं नाही. त्यांनी पेचकस घेतला आणि गाडीच्या कडेनं उकिडवे बसले. आधी बोटाच्या पेरानं ठोकत गेले, आवाज ऐकत. मग लोहचुंबक लावत गेले. जिथे लांबी (खड्डे बुजवायची पुटी) जाड तिथे ते चिकटत नाही, घसरून पडतं. उजव्या सिलला ते जवळजवळ सगळीकडे चिकटलं. डाव्या बाजूला पुढच्या दाराखाली हातभर अंतरात चुंबक कुठेच धरेना. पेचकसाचं टोक टेकवून त्यांनी फक्त मनगटावर जोर दिला आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला लांबीचा गुलाबी चुरा, त्याच्या मागे डांबर, त्याच्या मागे ओला तांबडा गंज. ग्राइंडरनं वरचं उघडल्यावर थर दिसले: कधीकाळी कुठल्याशा गॅरेजनं सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला, तो सडल्यावर त्यावर आणखी एक, आणि त्यावर लांबी. मूळ पेटीचा खालचा ओठ उरलाच नव्हता. तळाचा पत्रा ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली जाळीसारखा झालेला. मागचे पाटे जिथे अडकतात ते कान मात्र ठणठणीत, बूटचा तळही. आणि जिथे अंडरकोट धरून होता तिथे त्याखालचा पत्रा 1968 सालासारखाच होता.

आता बघा. ही गाडी अशीच्या अशी पुढून-मागून बंपरच्या बोल्टांवर टांगली तर काय होईल? वजन दोन टोकांवर, मधलं सगळं लोंबतं. चाकांवर उभी असताना भार जिथे यायला हवा तिथे येतो. टांगल्यावर तो भलत्याच वाटेनं जातो. उजवी बाजू ताठ, डावी सडलेली, म्हणजे कवच मधे झोळ खाणार, तेही एकाच बाजूला, पिळवटून. त्या अवस्थेत तुम्ही नवी सिल वेल्ड केली की तो पीळ कायमचा पक्का झाला. रंग होईल, चमकेल, आणि दार लागणार नाही. छत उघडणाऱ्या गाड्यांत तर हे आणखी भयंकर, कारण त्यांना धरायला वर छतही नसतं. म्हणून जाणकार लोक दारांच्या भोकांत आधी आडवेतिडवे चौकोनी पाइप वेल्डचे तात्पुरते टाके मारून बसवतात आणि मगच टांगतात. पण ताणाखाली आधीच थोडी वाकलेली गाडी तशाच वाकड्या अवस्थेत जखडली तर त्या पाइपांचा काय उपयोग? आधी ती चाकांच्या जागी टेकवून सरळ करायची, मापायची, जखडायची, सिल बदलायची. टांगायची ती त्यानंतर.

म्हणजे माझ्यासारख्याला जे काम रोटिसरीवर करायची घाई होती तेच रोटिसरीवर करायचं नव्हतं. हे पटल्यावर प्रश्न निम्मा झाला. सिल जमिनीवर होणार हे नक्की. उरला तळ. त्यासाठी कवच पूर्ण रिकामं करायचं का?

इथे मला मामाची अट आठवली. पूर्ण रिकामं करणं म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. वायरिंगचा झुपका, ब्रेकच्या नळ्या, डॅशबोर्ड, छताचं आतलं कापड, काचांची पन्नास वर्षांची कडक रबरं, पेडलं, स्टिअरिंग. प्रत्येक वस्तू निघताना काहीतरी मोडते, आणि या गाडीचं जे मोडेल ते दुकानात मिळत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात चकरा माराव्या लागतात, आणि तिथेही आता फियाटचं सामान पूर्वीसारखं पडलेलं नसतं. गाडी खोक्यांत जाते. खोकी माळ्यावर जातात. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांचं कवच आरशासारखं झालंय, तळाकडूनही, आणि जी अजून रोटिसरीवरच आहेत, कारण खोकी उघडायची ताकद कुणात उरलेली नाही. मित्राची फियाट त्यातली होणार नाही. तो चिकाटीचा आहे, शिवाय त्याची गाडी दोन्ही बाजूंनी गेली होती, तळ अर्धा नवीन करावा लागला. तिथे दुसरा मार्गच नव्हता. त्याच्या जागी मीही टांगली असती.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती, ती त्याला सांगितल्यावर तो चिडला. रोटिसरीवर चढलेली गाडी खालून वरच्यापेक्षा जास्त सुंदर करण्याचा मोह होतो. गुळगुळीत, चकचकीत तळ, प्रत्येक सांधा घासून गायब केलेला. कुर्ल्याहून निघालेली फियाट अशी कधीच नव्हती. तिच्या तळाला काळं जाड अंडरकोट होतं, त्यावर ब्रशचे फटकारे, सांध्यांवर बोटानं ओढलेला मसाला. आमच्या गाडीच्या उजव्या बाजूला तो मसाला अजून आहे, आणि त्यावर कुणाच्या तरी बोटाचा चर आहे. तो घासून काढायला माझा हात धजत नाही. याला भाबडेपणा म्हणा हवं तर. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर द्यायचे नियम 2021 मध्ये आले, त्यातही गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडीचं कवच किंवा इंजिन यांत बदल झालेला नको, असं म्हटलंय. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आहे. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणजे रंकाळा अवघडच. तेव्हा नियमासाठी म्हणून मी काही ठरवलं नाही. नियमामागचा विचार मात्र मला पटतो.

मधला एक मार्ग होता: गाडी एका कुशीवर कलती करणारा पाळणा. एका बाजूच्या चाकांच्या जागी कमानी बसवायच्या आणि जॅकनं साठ-सत्तर अंशांत कलवायची. त्यासाठी टाकी, बॅटरी, ऑइल काढावं लागतं, बहुतेकदा इंजिनही, पण आतलं सामान राहू शकतं. हलक्या गाड्यांना हे छान जमतं. डाव्या बाजूची सिल नवी असताना उजव्या कुशीवर कलवावं लागणार होतं. मिस्त्री म्हणाले जमेल, पण त्यांच्या आवाजात उत्साह नव्हता, आणि ज्या कामात मिस्त्रींचा उत्साह नाही ते मी करून घेत नाही.

शेवटी रोटिसरी नाही, पाळणा नाही. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) उंच घेतली, पुढच्या आणि मागच्या भाराच्या जागी लाकडी ठोकळे देऊन, इतकी उंच की खाली स्टुलावर बसून मान वर करून काम होईल. इंजिन आणि दारं काढली. आतलं बहुतेक सामान जागेवरच ठेवलं, ओल्या पोत्यांनी झाकून, कारण सीओटू वेल्डिंगच्या ठिणगीला छताचं कापड म्हणजे मेजवानी.

काम सुरू करताना मिस्त्रींनी दाराच्या भोकात टेप लावला. वरच्या बिजागरीपासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट कर्ण. दोन्ही मापं खडूनं छतावर लिहिली. उजवीकडचीही घेतली आणि शेजारी लिहिली. मग चौकोनी पाइप आडवे टाकले, टाके मारले, आणि मगच डाव्या पेटीला ग्राइंडर लावला. जुने स्पॉट वेल्ड एकेक ड्रिलनं सोडवले. बाहेरचा पत्रा सुटल्यावर आतून मुठीमुठीनं माती निघाली. कोकणातली लाल माती, पन्नास वर्षांची. नवी पेटी त्यांनी बाकावर वाकवून घेतली होती, सव्वा मिलिमीटरच्या पत्र्याची. ती आधी क्लॅम्पवर धरली, दार लटकवलं, लावून पाहिलं, काढलं, अर्धा मिलिमीटर सरकवलं, परत दार. पूर्ण वेल्ड करायच्या आधी दिवसभर त्यांनी हेच केलं, आणि एकदाही घाई केली नाही.

तळाचे वेल्ड खालून, हात वर करून झाले. काही ठिकाणी वेल्डच्या रेघा ओबडधोबड आल्यात. रोटिसरीवर त्या तशा आल्या नसत्या, हे मी मित्राला फोटोसकट कबूल केलं. तो जिंकला. अंडरकोट लावल्यावर त्या दिसणार नाहीत, आणि ताकदीत कमी नाहीत. मेण मात्र पेटीत दोन वेळा सोडायचं ठरवलंय, पहिल्यांदा पुढचं टोक वर करून, दुसऱ्यांदा मागचं. फिरवता येत नाही तर निदान झुकवता येतं.

सध्या अडलंय ते डाव्या पुढच्या दारावर. कर्ण दोन्ही सारखे, खडूच्या मापांशी जुळतात, तरी वरच्या कोपऱ्यात फट खालच्यापेक्षा जास्त आहे. मिस्त्री म्हणतात बिजागरीचं भोक खाल्लंय, झटकून बसवतो, नाहीतर असलं दार मी शेडबाहेर सोडणार नाही. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "ते दार पहिल्यापासून आपटूनच लावावं लागायचं. त्याला हात लावायला सांगू नकोस, मला ओळखीचं वाटलं पाहिजे." मी फोन स्पीकरवर लावला, मिस्त्रींच्या समोर बोनेटवर ठेवला आणि चहा सांगायला गेलो.